हरलेल्याची नोंद : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील एकट्याची लढत

२७ जानेवारी २०१४ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ या संगणकीय खेळातल्या ‘बी-आर५आरबी’ नावाच्या सूर्यमालेत एक लढाई सुरू झाली आणि ती सुमारे २१ तास चालली. एका आघाडीकडून त्या प्रदेशाच्या ताब्यापोटी भरायची ठरावीक रक्कम भरायची राहून गेली, हे तिचे निमित्त. सात हजारांहून अधिक पात्रे तीत उतरली. टायटन या सर्वांत अजस्र वर्गाची ७५ जहाजे नष्ट झाली. खेळातल्या चलनाची खऱ्या पैशांत किंमत काढली, तर नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेले. जगभरच्या वृत्तमाध्यमांनी त्याची बातमी केली आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीने त्या सूर्यमालेत मोडक्या जहाजांचे सांगाडे कायमचे ठेवून स्मारक उभारले.

या खेळाबद्दल जे गंभीर लेखन झाले, त्याची नजर बहुतेक अशाच घटनांवर खिळलेली आहे. अँड्र्यू ग्रोएन यांचे ‘एम्पायर्स ऑफ ईव्ह’ (२०१६) हे खेळाडूंनी उभारलेल्या साम्राज्यांच्या युद्धांचा इतिहास सांगते. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेल्या ‘इंटरनेट स्पेसशिप्स आर सीरियस बिझनेस’ या अभ्यासलेखांच्या संग्रहातही भर आहे तो समूहावर : त्याच्या रचनेवर, राजकारणावर, प्रचारावर. हे स्वाभाविक आहे. गर्दीची कथा सांगायला सोपी असते. तिच्यात सेनापती असतात, फितुरी असते, तारखा असतात. मात्र त्या २१ तासांत एखाद्या साध्या शिपायाने काय केले, असे विचारले तर उत्तर फारसे रोचक नाही. सेनापतीने नाव सांगितलेल्या लक्ष्यावर त्याने तोफा रोखल्या आणि पुढच्या नावाची वाट पाहिली. इतकी जहाजे एकत्र आली की संगणकावरचा भार पेलण्यासाठी खेळातला काळच मंद केला जातो, नेहमीच्या वेगाच्या एक दशांशापर्यंत. त्यामुळे वाट पाहणे आणखी लांबते.

मला या निबंधात दुसऱ्या टोकाकडे पाहायचे आहे : दोन स्वस्त जहाजे, दोन माणसे, दीड-दोन मिनिटांची झुंज. खेळाडू तिला ‘सोलो’ म्हणतात. या खेळाचे जे वैशिष्ट्य समीक्षकांनी साम्राज्यांत शोधले, ते या छोट्या झुंजीत अधिक शुद्ध रूपात सापडते, असे माझे म्हणणे आहे. ती झुंज शिकण्याची रीत पाहिली की त्या वैशिष्ट्यातली खोटही दिसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आइसलँडमधील रेकयाविक येथील ‘सीसीपी’ या कंपनीने तो ६ मे २००३ रोजी बाजारात आणला. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. त्या विश्वात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि प्रत्येकीला सुरक्षिततेचा एक आकडा आहे. आकडा ०.५ किंवा त्याहून वर असेल, तर विनाकारण हल्ला करणाऱ्याला खेळातले पोलीस दल नष्ट करते. (हल्ला झालेल्याला ते वाचवत नाही, शिक्षा आणि संरक्षण यांतला हा फरक नवख्याला फार महागात पडतो.) त्याखाली पोलीस नाहीत, आणि शून्यावर तर कोणीच नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, नष्ट झालेले जहाज परत येत नाही. बहुतेक खेळांत मरण म्हणजे काही सेकंदांचा विलंब. इथे ती कष्टाच्या कमाईची वजाबाकी आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या १४ खेळांत ‘ईव्ह’ होता. मात्र तो तिथे चित्रफितीच्या रूपात दाखवावा लागला, कारण हजारो माणसांवाचून तो नुसता उभाच राहत नाही.

आता झुंजीकडे वळू. अंतराळयानांची लढाई म्हटली की डोळ्यांपुढे चपळ बोटे येतात. ‘ईव्ह’मध्ये बोटांना फारसे काम नाही. सर्व्हर जगाचा हिशेब सेकंदाला एकदाच करतो. खेळाडू दांडा धरून जहाज उडवत नाही. तो आज्ञा देतो : याच्याभोवती इतक्या अंतरावरून फेर धर, त्याच्यापासून इतके दूर राहा, या दिशेने चल. त्यामुळे पुण्यात बसून युरोपातल्या खेळाडूशी लढणाऱ्याला इंटरनेटच्या संथपणाचा तोटा नेमबाजीच्या खेळांइतका जाणवत नाही. मग कौशल्य कशात आहे? मुख्यतः अंतरात.

पळून जाणारे जहाज अडवण्याची दोन साधने आहेत. एक साधारण २४ किलोमीटरवरून काम करते, पण फक्त पलायनाची उडी रोखते. दुसरे, ज्याला ‘स्क्रॅम’ म्हणतात, त्याचा पल्ला जेमतेम ९ किलोमीटर. पण ते उडी तर रोखतेच, शिवाय जहाजाचा वेग पाच-सहा पटींनी वाढवणारे इंजिनही बंद पाडते. जोडीला ‘वेब’ नावाचे साधन असते, १० किलोमीटरच्या आत वेग निम्म्याहून कमी करणारे. म्हणजे दोन जहाजांभोवती ९-१० किलोमीटरवर एक अदृश्य रेषा आखलेली असते आणि सगळी झुंज त्या रेषेवरून चालते. जवळून भिडणाऱ्याला रेषेच्या आत यायचे असते. दुरून टिपणाऱ्याला बाहेर राहायचे असते. आणि तिसरा, सर्वांत लबाड, नेमका रेषेवर फेर धरतो, शत्रूला जखडतो आणि त्याच्या आखूड पल्ल्याच्या तोफांना मात्र गवसत नाही.

तोफ लागणार की नाही याचेही गणित आहे आणि ते उघड आहे. तोफेचा एक पूर्ण अचूकतेचा पल्ला असतो आणि त्यापुढे घसरणीचा. घसरणीचा एक पल्ला पुढे गेले की लागण्याची शक्यता निम्मी. दोन पल्ले पुढे गेले तर सुमारे सहा टक्के. शिवाय लक्ष्य किती झपाट्याने कोन बदलते, त्यावर तोफेचे वळणे अवलंबून. जवळून वेगाने फेर धरला तर मोठ्या तोफा चुकतात. पण कोन दोघांसाठी सारखाच बदलतो, त्यामुळे फेर धरणाऱ्याच्या तोफाही चुकू शकतात. म्हणजे ‘जोरात फिरत राहा’ हा नवख्याला सुचणारा उपाय अनेकदा दोघांनाही आंधळे करतो, आणि मग जिंकतो तो ज्याची क्षेपणास्त्रे कोनाची पर्वा करत नाहीत तो.

शिकणाऱ्याची पहिली खरी पायरी म्हणजे फेर धरण्याची आयती आज्ञा सोडून देणे. प्रतिस्पर्धी ती आज्ञा देऊन निर्धास्त असतो. अशा वेळी आपण हाताने दिशा देत सरळ पळायचे. तो मागे खेचला जातो, पूर्ण वेग पकडतो. मग आपण अचानक उलटे वळायचे. त्याला थांबता येत नाही आणि तो रेषेच्या आत येऊन पडतो. या डावाला खेळाडूंनी ‘स्लिंगशॉट’ म्हणजे गोफण असे नाव दिले आहे, आणि ते चपखल आहे. इथे दगड म्हणून वापरला जातो तो खुद्द शत्रूच. कुस्तीत समोरच्याचाच जोर त्याच्यावर उलटवणारे जे पेच असतात, त्यांच्याशी याचे जवळचे नाते आहे.

पण हे सगळे दुसऱ्या टप्प्याचे. झुंजीचा निकाल बहुतेक वेळा पहिली तोफ सुटण्याआधीच लागलेला असतो. आणि इथून पुढे ही नेमबाजीची नव्हे, वाचनाची गोष्ट होते. सूर्यमालेत शिरताच (काही अज्ञात प्रदेश वगळता) तिथे हजर असलेल्या सगळ्यांची नावे पडद्यावर येतात. नावावर टिचकी मारली की ते पात्र केव्हा जन्मले, कोणकोणत्या संघटनांत राहिले, हे कळते. दिशादर्शक स्कॅनर १४.३ खगोलीय एककांपर्यंत कोणती जहाजे आहेत ते सांगतो, आणि त्याचा कोन अरुंद करत गेले की ते जहाज कोणत्या ग्रहाजवळ आहे तेही उमगते. जहाजाचे नाव दिसते. ते बदलले नसेल, तर त्यात मालकाचेच नाव असते. म्हणजे बेसावध माणूस स्वतःची ओळख दूरवर उधळत फिरतो. जाणता खेळाडू नाव बदलतो आणि मुद्दाम गैरसमज होईल असेही ठेवतो. रिफ्टर समोर आले म्हणजे आखूड पल्ल्याच्या तोफा असणार, हा पहिला अंदाज. गंजक्या पत्र्यांचे दिसणारे हे स्वस्त फ्रिगेट वर्षानुवर्षे एकांड्यांच्या शिकाऊ जहाजाचा नमुना मानले गेले. पण एखाद्याने त्यावर लांब पल्ल्याच्या तोफा चढवल्या असतील तर? मग मागच्या नोंदी चाळायच्या.

या नोंदी हाच माझ्या मते या खेळातला सर्वांत लक्षणीय मजकूर आहे. जहाज नष्ट झाले की सर्व्हर एक दाखला तयार करतो. त्याला ‘किलमेल’ म्हणतात. हे दाखले खेळाडूंनी चालवलेल्या ‘झीकिलबोर्ड’सारख्या सार्वजनिक संग्रहांत जमा होतात. दाखल्यात काय असते ते पाहू. हरलेल्याचे नाव, जहाज, स्थळ, सेकंदापर्यंतची वेळ. त्याच्या जहाजावर चढवलेली प्रत्येक वस्तू : कोणत्या तोफा, कोणता दारूगोळा, कोणते इंजिन, कोणते चिलखत, पोटात काय माल होता, त्यातले काय जळाले आणि काय लुटीत उरले. शेवटी अंदाजे किंमत. आणि विजेत्याबद्दल? नाव, संघटना, जहाजाचा प्रकार, एक शस्त्र, त्याने केलेल्या नुकसानीचा आकडा. त्याचे चिलखत, इंजिन, त्याने जडवलेली वा घेतलेली बलवर्धके यांतले काहीही नाही.

ही विषमता विचार करायला लावणारी आहे. इतिहास जेते लिहितात, असे आपण ऐकत आलो. इथे जेत्याचा जवळजवळ काहीच इतिहास लिहिला जात नाही. हरलेल्याचा मात्र खिळ्या-मोळ्यांसकट लिहिला जातो. आपल्याकडच्या वीरगळांवरही पडलेल्याचीच आकृती असते, पण वीरगळ त्याचा गौरव करतो. किलमेल ना गौरव करते ना निंदा. ते पंचनामा करते. निंदेचे काम नंतर वाचणारे करतात. एखाद्याने तोफा आणि चिलखत यांचा विचित्र मेळ घातला असेल, तर त्या दाखल्याखाली थट्टेच्या ओळी जमा होतात, आणि तो दाखला पुसता येत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने मात्र हा संग्रह अमोल आहे. जुनी मार्गदर्शने, २००४ साली स्थापन झालेल्या ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ या खेळाडूंच्याच शिक्षणसंस्थेचे धडे, अनुभवी एकांड्यांचे सल्ले, सगळ्यांचा सूर एकच : एकाच प्रकारची दहा-वीस स्वस्त जहाजे घ्या, ती सगळी गमावायची आहेत असे धरून चला, आणि प्रत्येक दाखला वाचा. बोजा परवडेल तेवढेच उडवा. एकच जहाज पुन्हा पुन्हा वापरण्यामागचा हेतू साधा आहे : स्वतःची बाजू स्थिर ठेवली तरच समोरच्यातला बदल कळतो. प्रयोगशाळेतली हीच शिस्त. मग दाखल्यातून कळते की तीस सेकंदांत आपण गेलो याचा अर्थ अंतर चुकले. आपण दोन मिनिटे टिकलो आणि तरी शत्रूचे फारसे काही बिघडले नाही, याचा अर्थ आपल्या तोफा लागतच नव्हत्या. दारूगोळ्याची निवडही दिसते. नुकसानीचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येक चिलखताला त्यांतला एखादा प्रकार जास्त बोचतो.

याच ठिकाणी खोट आहे. ज्या संग्रहाने शिकणे शक्य केले, तोच शिकणाऱ्याला घाबरवतो. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे उभे राहतात : किती मारले, किती गमावले, किती किमतीचे. हे आकडे लोक वाचतात. संघटनेत प्रवेश देताना पाहतात, भांडणात तोंडावर फेकतात. साहजिकच आकडे राखण्याची वृत्ती बळावते. जिंकण्याची खात्री असेल तिथेच भिडायचे, जरा शंका आली की निघून जायचे. असा खेळाडू वर्षभरात उत्तम आकडे जमवतो आणि पहिल्या महिन्यात जेवढे जाणत होता तेवढेच जाणत राहतो. न झालेल्या झुंजीचा दाखला बनत नाही, त्यामुळे ही भीती संग्रहात कुठेच दिसत नाही. परीक्षेतल्या गुणांचे आणि विद्येचे आपल्याकडे जे झाले आहे, त्याच जातीचा हा पेच आहे; फक्त इथे गुणपत्रिका सगळ्या जगाला खुली आहे.

‘सोलो’ हा शिक्का तर आणखी संशयास्पद. एका दाखल्यात हल्ला करणारा एकच खेळाडू असेल, तर संग्रह त्याला एकट्याचा विजय मानतो. पण दाखल्यावर नाव येते ते शत्रूला प्रत्यक्ष इजा किंवा अडथळा करणाऱ्याचे. दुरून विजेत्याचे चिलखत दुरुस्त करणारा त्यात दिसत नाही. त्याची शक्ती वाढवणारे सहायक जहाज दिसत नाही. शेजारच्या सूर्यमालेत दुसऱ्या खात्यावरून पहारा देणारा, जो पुष्कळदा तोच माणूस असतो, तोही दिसत नाही. एकटेपणाचा पुरावा म्हणून जो कागद दाखवला जातो, तो नेमक्या याच मुद्द्यावर मुका आहे. उलट हरलेल्याने ‘मी एकटा होतो’ असे म्हटले, तर त्यावर विश्वास ठेवायला बरीच जागा असते. म्हणून या संग्रहाचा अभ्यास करायचा तर विजयांच्या यादीऐवजी पराभवांच्या यादीपासून सुरुवात करणे मला जास्त विश्वासार्ह वाटते.

रॉजे केय्वा यांनी खेळांचे वर्गीकरण करताना स्पर्धेच्या खेळांचे लक्षण सांगितले : तिथे संधीची समानता कृत्रिमपणे निर्माण केलेली असते. बुद्धिबळाच्या दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी. ‘ईव्ह’मध्ये ही समानता कोणी देत नाही, आणि खरे तर ती कोणाला नकोच असते, कारण असमानता घडवणे हीच इथली कला आहे. २००८ साली आलेल्या सरहद्दीच्या युद्धव्यवस्थेत मात्र तिची एक अर्धीमुर्धी छटा सापडते. तिथल्या लहान वर्तुळांच्या तोंडाशी एक दार असते आणि ते ठरावीक वर्गाच्या जहाजांनाच आत सोडते. मोठी जहाजे बाहेर राहतात, म्हणून एकांडे शिलेदार या वर्तुळांत बसून पाहुण्याची वाट पाहतात. दारातून येणारा नेहमी एकाच जागी उतरतो. आत बसलेला मात्र हवे ते अंतर आधीच राखून असतो. भिडणारा त्या जागेवरच बसतो, दुरून टिपणारा वीस किलोमीटर मागे. म्हणजे जहाजांचा वर्ग दाराने सारखा केला आणि अंतराचा लाभ यजमानाला दिला. बाहेरच्याला एक लाभ उरतो : आत यायचे की नाही, हे तो ठरवतो. ही वाटणी मला फार देखणी वाटते. कंपनीने २०२० साली आणलेली ठरवून जुळवलेल्या सामन्यांची स्वतंत्र मैदाने त्यापुढे फिकी पडतात. तिथे समानता पुरेपूर आहे, पण टेहळणी, फसवणूक, नकार देण्याची मुभा, म्हणजे ज्याला मी वाचन म्हणालो ते, जवळपास सगळे वगळले गेले.

कंपनीच्या वाट्याला आणखी एक दोष जातो. पात्राची कौशल्ये खऱ्या काळाच्या गतीने वाढतात. काही शिकायला आठवडे लागतात. २०१६ पासून ही कौशल्ये बाजारात विकत घेता येऊ लागली. विकतच्या कौशल्याने तोफ अधिक जोराने मारते, इंजिन अधिक वेगाने पळते; पण अंतर वाचायला त्याने येत नाही. तरीही बरोबरीच्या दोन वाचकांत पैसेवाल्याचे पारडे जड होते, आणि हेही दाखल्यात नोंदले जात नाही. विजेत्याबद्दल न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी अशी वाढतच जाते.

या झुंजीत शरीर येते ते अनपेक्षित रीतीने. अनुभवी खेळाडू आपल्या पहिल्या लढतींबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात : हात थरथरायला लागतात. काहींचे वर्षांनंतरही थरथरतात. सेकंदाला एकदा बदलणाऱ्या आकड्यांच्या आणि वर्तुळांच्या खेळात हे का व्हावे? चित्रे तर नेमबाजीच्या खेळांत कितीतरी भेदक असतात. फरक आहे तो गमावण्यात. जे गेले ते परत येणार नाही, आणि ते गेल्याचे कायम लिहून राहणार. बी-आर५आरबीच्या गर्दीत टायटन गमावणाऱ्यालाही मोठी झळ बसली असेल, पण त्याच्या निर्णयाने ते गेले असे म्हणणे अवघड. रिफ्टर गमावणाऱ्याला ती सबब नसते. अंतर त्याने निवडलेले, दार त्याने ओलांडलेले.

झुंज संपल्यावर त्या सूर्यमालेच्या सामायिक गप्पांच्या चौकटीत दोन अक्षरे उमटतात : ‘जीएफ’, म्हणजे झकास लढत. बहुधा हरलेला आधी लिहितो, मग जिंकलेला. कधी कधी हरलेला पुढे विचारतो, तुझ्या जहाजावर काय काय होते? संग्रहात जे लिहिलेले नसते नेमके तेवढेच तो विचारत असतो. नियमाने उत्तर द्यायचे बंधन नाही, आणि ते दिले तर जिंकलेल्याचे गुपित उघडे पडते. तरीही कित्येक जण आपल्या जहाजाची पूर्ण जुळणी तिथे टाकतात, वर एखादी सूचनाही देतात : वेब आधी लावला असतास तर मी गेलो होतो. मग दोघे आपापल्या वाटेने जातात. सूर्यमाला सोडली की चौकटीतला मजकूर नजरेआड होतो. किलबोर्डवर त्यातले काही चढत नाही.